मुंबई ते लंडन: अंतर ठरलेलं, वेळ नाही

मुंबई ते हीथ्रो सरळ हवाई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. ताशी ९०० च्या वेगाने भागलं की आठ तास येतात, आणि हा आकडा पाहूनच लोक पुढची बस बुक करून बसतात. तसं करू नका. जाताना साडेनऊ-दहा तास धरा, येताना साडेआठ-नऊ.

हा फरक वाऱ्याचा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते नाकासमोर, येताना पाठीशी. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो.

दुसरं कारण रस्त्याचं. पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणला, तर तो बलुचिस्तान, इराण, जॉर्जिया, काळा समुद्र, युक्रेन, पोलंड असा जातो. पण फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश बंद आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपल्या हद्दीतून मनाई केली. मग विमान अरबी समुद्रावरून आखाताकडे आणि पुढे तुर्कस्तान, रुमानियामार्गे जातं. आखातात तणाव वाढला की तोही मार्ग बदलतो. म्हणून त्याच दिवशी निघालेल्या दोन कंपन्यांच्या वेळा जुळतीलच असं नाही.

तिकिटावरच्या वेळा दोन्हीकडच्या स्थानिक असतात, त्यामुळे नुसती वजाबाकी फसवते. उदाहरणार्थ, जानेवारीत दुपारी १:३० ला निघून संध्याकाळी ६ ला पोचणारं विमान साडेचार तासांचं दिसतं. भारताचं घड्याळ लंडनच्या साडेपाच तास पुढे असतं, ते त्यात मिळवा, दहा होतात. येताना तेच साडेपाच वजा करायचे. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत मात्र लंडनची घड्याळं तासभर पुढे केलेली असतात, म्हणून फरक साडेचार तासांचाच असतो. घरच्यांना फोनची वेळ सांगताना हमखास गोंधळ होतो तो इथे.

शिवाय तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि उड्डाणासाठी रांग लागते. हीथ्रोलाही धावपट्ट्या दोनच. एरवी एक उतरण्यासाठी, एक उडण्यासाठी. गर्दी असली की विमान लंडनभोवतीच्या बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकम किंवा बिगिन हिल यांपैकी एका ठरलेल्या जागेवर घिरट्या घालत थांबतं. कंपन्या वेळापत्रकात याची थोडी सोय ठेवतात, म्हणून कधीकधी विमान लवकरही पोचतं. गेट रिकामं असेलच असं नाही.

खिडकी मी उजवीकडची सुचवेन. वारा पश्चिमेचा असला की विमान पूर्वेकडून शहरावरून उतरतं आणि मध्य लंडन उजव्या हाताला दिसतं, ढग आडवे आले नाहीत तर.

उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामान यांसाठी दोन तास सोडा. पुढचं विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर चार तास, कारण पहिल्याला उशीर झाला म्हणून दुसरी कंपनी थांबत नाही आणि पैसेही परत देत नाही.