वाकडा डी आणि आण्णांचा रायझर

बी.टेक.ला एम-थ्रीच्या, म्हणजे तिसऱ्या गणिताच्या, पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर एक समीकरण लिहिलं आणि त्यातला डी वाकडा होता. मला वाटलं, घाईत तसा उमटला असेल. पुढच्या ओळीत पुन्हा तसाच. शेजारी शिरोलीच्या एका टूलरूममधले दादा बसले होते, तेही वहीकडं न बघता माझ्याकडं बघत होते. शेवटी मी हात वर केला. "सर, हा डी असा का काढलाय?" सर थांबले. "पार्शल डेरिव्हेटिव्ह कुणालाच झालेलं नाही?" आम्ही अठरा जण होतो, सगळे डिप्लोमावाले. कुणीच काही बोललं नाही.

जुलै महिना होता, बाहेर धो धो पाऊस. ओला रेनकोट बाकाच्या कडेला टांगून मी विचार करत होते, की भिशी उचलून भरलेली फी आता वाया जाणार.

आधीचं थोडं सांगते. 2015 ला मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला आणि लगेच कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावातल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, क्वालिटीला लागले. वडिलांनी, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, उद्यमनगरात एकतीस वर्षं मोल्डर म्हणून, म्हणजे वाळूचे साचे करायचं, काम केलं, त्यामुळं वाळू, धातूचा रस, ओतलेला तुकडा घासून साफ करायच्या फेटलिंगचा आवाज हे मला नवीन नव्हतं. कामही आवडलं. लग्न झालं, मुलगी झाली, काम चालू राहिलं. 2023 ला आमच्या खात्यात वरची जागा निघाली. साहेबांनी माझं नाव सुचवलं होतं. वरून उत्तर आलं की पात्रतेत बी.ई. किंवा बी.टेक. लिहिलंय, त्यात मी बसत नाही. त्या जागेवर जो मुलगा आला त्याला पहिले तीन महिने मीच काम शिकवलं. मुलगा चांगला आहे, त्याच्यावर राग नाही. पण त्या तीन महिन्यांत मला नीट झोप लागली नाही, हे खरं.

मग डिग्रीची चौकशी सुरू केली. नोकरी सोडून थेट दुसऱ्या वर्षाला रेग्युलर प्रवेश घेणं हा सरळ रस्ता. डिप्लोमाच्या मार्कांवर मेरिट लागतं, सीईटी द्यावी लागत नाही. पण तीन वर्षं पगार नाही, ते आमच्या घरात जमणारं नव्हतं. ए.एम.आय.ई.चं, म्हणजे नोकरी करत परीक्षा देऊन मिळणाऱ्या पात्रतेचं, नाव आण्णांच्या जुन्या मालकांनी सुचवलं. कोलकात्याची इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही 1920 ची संस्था, आणि तिची परीक्षा पास होऊन मोठे झालेले लोक त्यांनी स्वतः पाहिलेले. पण डिग्रीच्या बरोबरीची मान्यता 31 मे 2013 पर्यंत नाव नोंदवलेल्यांनाच आहे. माझा तर डिप्लोमाच त्यानंतरचा.

याच काळात एका एजंटानं मला जवळजवळ गाठलं होतं. "घरबसल्या बी.टेक., दोन वर्षांत, वर्गात यायची गरज नाही." पहिला हप्ता मागत होता. मी पैसे काढूनही ठेवले होते. आमच्या एच.आर.मधल्या ताईंनी अडवलं. त्या म्हणाल्या, 3 नोव्हेंबर 2017 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आधी वाच. ए.आय.सी.टी.ई.च्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, मान्यतेशिवाय दूरशिक्षणानं इंजिनिअरिंगची डिग्री देता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. काही अभिमत विद्यापीठांतून 2001 ते 2005 मध्ये असा प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या त्या निकालानं निलंबित केल्या. नोकरीत मुरलेल्या माणसांना पुन्हा परीक्षेला बसायची वेळ आली. एवढ्या वर्षांनी डिग्रीच हातातून गेली तर काय होत असेल, या विचारानं माझे हातपाय गार पडले. कुणी दिवसा नोकरी करून डिग्रीचा विचार करत असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे, वर्गात न बसता मिळणाऱ्या इंजिनिअरिंगच्या डिग्रीला एक रुपयाही देऊ नका.

रस्ता निघाला तो ए.आय.सी.टी.ई.नं 2023-24 पासून नोकरदारांसाठी सुरू केलेल्या बी.टेक.चा. किमान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव हवा आणि कामाचं ठिकाण कॉलेजपासून ठरावीक अंतराच्या आत हवं. डिप्लोमाला पंचेचाळीस टक्के, राखीव प्रवर्गाला चाळीस. अनुभवाचं पत्र आणि कंपनीचं ना हरकत पत्र. मोठी गोष्ट ही की तास संध्याकाळी. 2024 ला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश झाला. पाचला सुटायचं, मोपेडवर थेट कॉलेज, घरी यायला साडेनऊ. मुलीला सासूबाई जेवू घालून झोपवतात. पहिले काही दिवस त्या गप्प गप्प होत्या. मग एका रात्री माझं ताट वाढून त्याच समोर बसल्या आणि म्हणाल्या, "मला सातवीतनं काढलं होतं." एवढंच. त्यानंतर माझ्या अभ्यासाबद्दल घरात कुणी अवाक्षर काढलं नाही.

आता त्या वाकड्या डीकडं येते, कारण थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या माणसाला हे कुणी आधी सांगत नाही. आपलं पहिलं वर्ष माफ होतं, पण त्या वर्षातलं गणित माफ होत नाही. बारावीहून आलेली मुलं एम-वन आणि एम-टू करून आलेली असतात. मॅट्रिक्सची रँक, आयगेन व्हॅल्यू, पार्शल डेरिव्हेटिव्ह, डबल इंटिग्रेशन. आपण थेट लाप्लासच्या आणि उष्णतेच्या समीकरणापुढं उभे राहतो. कॉलेजनं ही तूट भरायला ब्रिज कोर्स घेतला, पण तो दोन आठवड्यांचा, आणि माझं डिप्लोमाचं गणित सुटून दहा वर्षं झालेली. पहिल्या प्रयत्नात एम-थ्रीला शंभरपैकी सत्तावीस मिळाले. पास व्हायला चाळीस लागतात. निकाल मोबाईलवर बघितला तेव्हा मी कंपनीत कास्टिंगच्या क्रेटजवळ उभी होते. मोबाईल खिशात ठेवला आणि हातातला लॉट पूर्ण तपासला. रडू घरी आल्यावर आलं.

तारलं ते माझ्या भाचीनं. ती एका कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. राजारामपुरीत बहिणीच्या घरी दर रविवारी सकाळी मी तिच्याकडं शिकायला जायचे. अठरा वर्षांची पोर, पण शिकवताना एकदम कडक. "मावशी, आधी सूत्र लिहायचं नाही, आधी सांग काय बदलतंय आणि काय तसंच धरलंय." वाकड्या डीचा सगळा अर्थ त्यात आला. सळईचं तापमान जागेप्रमाणं बदलतं आणि वेळेप्रमाणंही बदलतं. एक गोष्ट तशीच धरून ठेवायची आणि दुसरीमुळं किती फरक पडतो ते बघायचं. हे ऐकल्यावर मला भट्टीतून रस घेऊन निघालेला लॅडल, म्हणजे रसाचं भांडं, दिसला. पाच महिन्यांनी पेपर पुन्हा दिला, चोपन्न मिळाले. डिप्लोमावाल्यांनो, फॉर्म भरायच्या आधी सहा महिने पहिल्या वर्षाची गणिताची पुस्तकं हातात घ्या. प्रवेश झाल्यावर त्याला वेळ मिळत नाही.

आणि मग चौथ्या सेमिस्टरला कास्टिंगचा विषय आला.

ख्वोरिनोव नावाच्या चेक अभियंत्यानं 1940 मध्ये मांडलेला नियम असा, की ओतीव तुकडा घट्ट व्हायला लागणारा वेळ हा त्याचं घनफळ भागिले पृष्ठफळ, याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. या भागाकाराला मॉड्यूलस म्हणतात. शंभर मिलिमीटरचा घन घेतला तर मॉड्यूलस येतो 16.67 मिलिमीटर. तेवढ्याच घनफळाची 200 बाय 200 बाय 25 ची प्लेट घेतली तर 10. धातू तेवढाच, पण घनाला प्लेटच्या पावणेतीन पटींहून थोडा जास्त वेळ लागणार. घट्ट होताना धातू आकसतो, तेव्हा कास्टिंगला रस पुरवणारा जोडभाग म्हणजे रायझर. तो कास्टिंगहून उशिरा घट्ट व्हायला हवा, म्हणून रायझरचा मॉड्यूलस कास्टिंगच्या 1.2 पट धरायचा. हिशेब केला तर त्या घनाला 120 मिलिमीटर व्यासाचा आणि तेवढ्याच उंचीचा रायझर लागतो.

वही घेऊन त्याच रात्री आण्णांकडं गेले. एकतीस वर्षं ते रायझर कुठं आणि केवढा लावायचा हे नजरेनं ठरवत आले. मला वाटलं, त्यांच्या नजरेचं गणित मी त्यांना दाखवणार. त्यांनी चष्मा लावून आकृती बघितली. एकशेवीसला म्हणजे पावणेपाच इंच असं मनात करून घेतलं आणि मान हलवली.

"ह्यो हिशोब स्टीलचा दिसतोय. बिडाला एवढा लागत न्हाई." बीड म्हणजे कास्ट आयर्न.

"का?"

"बीड घट्ट हुताना शेवटाला फुगतंय. आपलं आपणच भरून घेतंय. पण साच्याची पेटी दाबून ठोकायला पायजे. ढिली राहिली की वाळू मागं सरतीया आणि आत भोक पडतंय."

दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं. सर म्हणाले, अगदी बरोबर. बीड घट्ट होताना त्यातला कार्बन ग्राफाइट होऊन बाहेर पडतो, ग्राफाइट जागा जास्त घेतं, आणि त्या फुगण्यानं आकसण्याची बरीच भरपाई होते. साचा कडक असला तर हा दाब आतल्या पोकळीवर पडतो, ढिला असला तर भिंतच बाहेर सरकते. 1.2 चा आकडा मुख्यतः स्टीलच्या कास्टिंगसाठी. सरांनी हे पुढच्या तासाला सगळ्या वर्गाला समजावलं, आणि "एका मोल्डरनं सांगितलंय" म्हणून समजावलं. मी तेव्हा खाली बघत होते, डोळे भरून आले होते.

त्यानंतर मी कंपनीतले जुने स्पेक्ट्रो रिपोर्ट, म्हणजे धातूत काय किती आहे त्याचे, काढले. आमच्या एका ब्रॅकेटला जाड भागात श्रिंकेज, म्हणजे आकसून पडलेली पोकळी, येतं, कधी येतं कधी नाही, आणि प्रत्येक वेळी मोल्डिंगवाल्यांवर ढकललं जातं. कार्बन अधिक सिलिकॉन-फॉस्फरसच्या बेरजेचा तिसरा हिस्सा, हा कार्बन इक्विव्हॅलंट मी प्रत्येक हीटचा, म्हणजे भट्टीतल्या रसाच्या प्रत्येक घाण्याचा, काढला. चांगल्या निघालेल्या एका हीटमध्ये कार्बन 3.40 टक्के, सिलिकॉन 2.10, फॉस्फरस 0.06, म्हणजे 4.12. रिजेक्शनच्या एका हीटमध्ये कार्बन 3.18, सिलिकॉन 1.85, फॉस्फरस तेवढाच, म्हणजे 3.82. दोन्ही हीट ग्रेडच्या मर्यादेत होत्या, दोन्हींवर माझीच सही होती. कार्बन कमी तर ग्राफाइट कमी, ग्राफाइट कमी तर फुगणं कमी. हे आकडे नऊ वर्षं माझ्या टेबलावरून जात होते आणि मी फक्त मर्यादेत आहेत का एवढंच बघत होते. साहेबांसमोर चाळीस हीटचा तक्ता ठेवला. त्यांनी दोन महिन्यांची ट्रायल मंजूर केली, ती आता चालू आहे. बढतीचं अजून कुणी काही बोललेलं नाही. डिग्री हातात यायची आहे, सध्या सहावं सेमिस्टर चालू आहे.

आण्णांकडं एक लाल कापडी बांधणीची छोटी डायरी आहे. ऑइल इंजिनाच्या बॉडीपासून पंपाच्या केसिंगपर्यंत त्यांनी ओतलेल्या कामांचे रायझर त्यात पेन्सिलीनं इंचांत लिहिलेत. चौदा कामं आहेत. मी एकेकाचा मॉड्यूलस काढून समोर लिहीत चालले आहे, अकरा झाले. उरलेल्या तिघांची मापं त्यांना आठवत नाहीत. त्यातल्या एकाचा लाकडी पॅटर्न उद्यमनगरातल्या एका जुन्या शेडच्या माळ्यावर अजून असेल, असं ते म्हणतात. त्यांचे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. रविवारी त्यांना मोपेडवर मागं बसवून नेणार आहे. ते खाली थांबतील, मी मापायचं व्हर्निअर घेऊन वर चढेन.