टेपला दोष देण्याआधी स्पेक्ट्रमची मेमरी तपासा

ठाण्यात पुनर्विकासासाठी घरं रिकामी होताना माळ्यावरून अधूनमधून ४८के (४८ किलोबाइट मेमरीचा) झेडएक्स स्पेक्ट्रम निघतो, म्हणजे ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक, सोबत त्याच्या गेमच्या कॅसेटही. गेम शेवटपर्यंत लोड होतो, बॉर्डरवरचे पट्टे थांबतात आणि मशीन रीसेट होऊन कॉपीराइटच्या ओळीवर येतं. टेप गेली असं म्हणून कॅसेट टाकू नका, आधी हे टाइप करा:

प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३

३२७६७ आलं तर मशीनला १६केच सापडलीय. चालू होताना रॉम (मशीनमधला कायमचा प्रोग्राम) सगळ्या मेमरीत २ लिहून खालून वर तपासत जाते. जिथे चूक सापडेल तिथे मेमरी संपली असं धरते आणि निमूटपणे पुढे जाते. १६केमध्ये पडद्याचे ६९१२ बाइट, प्रिंटर बफरचे २५६ आणि सिस्टिमची जागा वजा जाता बेसिकला जेमतेम ९के उरते. पूर्ण ४८के असेल तर साधारण ४१,६०० बाइट. ९केमध्ये ४८केचा गेम बसणारच नाही.

तरी ‘टेप लोडिंग एरर’ का येत नाही? कारण लोड करणारा कोड बाइट मेमरीत टाकतो, पण तो तिथे टिकला का हे बघत नाही. पॅरिटीचा, म्हणजे बाइट बरोबर आले का ते पडताळणारा, हिशोब टेपवरून आलेल्या बाइटांचाच असतो.

६५५३५, म्हणजे पूर्ण ४८के, आलं तरी निश्चिंत होऊ नका. रॉमची तपासणी २, १, ० एवढ्यावरच भागते, त्यामुळे वरच्या बिटांपैकी एखादा काही पत्त्यांवर शून्यावरच अडकला असेल तर तो सुटून जातो. म्हणून क्लिअर ३२७६७ देऊन स्टॅक (मशीनची कामचलाऊ नोंदींची जागा) खाली आणा आणि हे चालवा:

१० फॉर ए=३२७६८ टू ६५५३५
२० पोक ए,२५५: इफ पीक ए<>२५५ देन प्रिंट ए,पीक ए
३० नेक्स्ट ए

काही मिनिटं लागतील, लागू द्या. समजा २४७ दिसलं, तर ८ कमी, म्हणजे बिट ३. वरच्या ३२केच्या आठ चिप आयसी१५ ते आयसी२२, बिट ० पासून क्रमाने. तेव्हा संशय आयसी१८वर. सगळेच बिट चुकत असतील तर चिपऐवजी आयसी२५, आयसी२६ हे मल्टिप्लेक्सर (चिपांना पत्ते पुरवणारे) आधी बघा.

या चिपांची गंमत अशी, की त्या मुळात ६४ किलोबिटच्या; एक अर्धा भाग खराब निघाला म्हणून ३२ म्हणून विकलेल्या. आठही एकाच अर्ध्या भागाच्या लागतात, सुटी जोडी जुळवणं कटकटीचं. आठही बदलून ४१६४ (पूर्ण ६४ किलोबिटच्या चिप) बसवणं सरळ. लॅमिंग्टन रोडला विचारून बघा, सॉकेटही घ्या. खाडीजवळच्या दमट हवेत चिपचे पाय काळे पडतात. चिप सॉकेटमध्ये असेल तर काढून आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून बसवा, तेवढ्यानेही कधीकधी काम होतं.

अॅडॉप्टर ९ व्होल्टचा, मधली पिन निगेटिव्ह. आजच्या बहुतेक अॅडॉप्टरची मधली पिन पॉझिटिव्ह असते. तो लावला तर खालच्या १६केचाही जीव जाऊ शकतो.

गेम फक्त १२८केच्या स्पेक्ट्रमसाठी लिहिलेला असेल, तर चिप बदलूनही फरक पडणार नाही. तो पोर्ट ३२७६५मधून मेमरीच्या बँका (तुकडे) बदलतो, आणि ४८के मशीनमध्ये ती सोयच नाही.