क्लोजिंगची रेष, चालू भावाचा सौदा

तीन आठवडे मी एका शेअरच्या चार्टवर हेड अँड शोल्डर्स तयार होताना बघत होते: दोन खांदे, मध्ये उंच डोकं, भाव पडण्याची खूण मानली जाणारी आकृती. डावा खांदा ६०५, डोकं ६४०, उजवा खांदा ६०८, नेकलाइन, म्हणजे डोक्याच्या दोन्ही बाजूंच्या खळग्यांना जोडणारी रेष, ५६०. डोक्यापासून नेकलाइनपर्यंतची उंची ८०; रेष तुटली की भाव तितकाच खाली जाईल हा हिशोब, म्हणून टार्गेट ४८०. इतकी रेखीव आकृती क्वचितच दिसते.

त्या दिवशी दुपारी भाव ५५६ ला आला आणि मी ५५७ ला फ्युचर्स शॉर्ट केले, म्हणजे आधी विकले, भाव पडल्यावर स्वस्तात परत घ्यायला. स्टॉपलॉस, म्हणजे भाव उलटा गेला तर बाहेर पडायची पातळी, ६०८ च्या वर. ७७ मिळवायला सुमारे ५१ ची जोखीम, हे गणितसुद्धा तेव्हा मला चांगलंच वाटलं!

डेस्कवरच्या मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. "नेकलाइन कशावरून काढलीस?"

"क्लोजिंगवरून."

"मग तुटली कशी? आजचं क्लोजिंग अजून व्हायचंय."

उत्तर नव्हतं. दोन्ही खळग्यांतले नीचांक धरले असते तर रेष ५५१ ला गेली असती आणि भाव तिला शिवलाही नव्हता. क्लोजिंग, म्हणजे दिवसाचा बंद भाव, धरलं की रेष वर येते, लवकर तुटते. मी ती सोय घेतली होती आणि तुटणं मात्र चालू भावावर मोजलं होतं. चार्ट वाचण्यावरचं जुनं पुस्तक लिहिणाऱ्या एडवर्ड्स आणि मॅगी यांची १९४८ पासूनची कसोटी आणखी कडक आहे: क्लोजिंग नेकलाइनच्या सुमारे ३ टक्के खाली हवं. इथे ते ५४३ होतं.

मग मी व्हॉल्यूम, म्हणजे किती शेअरची उलाढाल झाली ते, पाहिला. उजव्या खांद्यावर तो आटायला हवा, इथे डाव्यापेक्षा जास्त होता. म्हणजे वर जाताना खरेदीदार थकलेच नव्हते. हे तीन आठवडे माझ्यासमोरच होतं. पण मला मंदी हवी होती, म्हणून मी फक्त भावाची आकृती बघत राहिले. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण नवीन मुलांना व्हॉल्यूम आधी बघायला मीच शिकवते.

शेवटच्या अर्ध्या तासात भाव उसळला. मी ५६८ ला सौदा कापला, ११ चा तोटा घेऊन. चार्टवरची त्या दिवसाची कॅन्डल (दिवसभराचे भाव दाखवणारा दांडा) खाली लांब शेपटी सोडून ५६९ ला बंद झाली.

पाचव्या दिवशी भाव मोठ्या व्हॉल्यूमवर ६०८ च्या वर गेला. माझ्यासारखेच ५६० खाली शॉर्ट करून बसलेले लोक कव्हर करत होते, म्हणजे विकलेलं परत विकत घेत होते. खरेदीचा जोर बराचसा त्यांचाच असणार. मी तो चार्ट उघडा ठेवून क्लोजिंग होईपर्यंत बसून राहिले. ६१९. मग नेकलाइन पुसली.