बाबांबरोबर चाललेला कालवा

बाबा न्यू जर्सीला आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "अगं, तुमच्या नळाला पाणी येतं कुठून?" सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात काढलेला माणूस. मी शोधलं, तर उत्तर घरापासून दहा मिनिटांवर होतं: डेलावेअर अँड रॅरिटन कालवा. 1974 पासून तो स्टेट पार्क आहे आणि आमच्या भागाला पिण्याचं पाणी आजही त्याच्यातूनच मिळतं.

मग न्यू ब्रन्सविकपासून किंग्स्टनपर्यंत टप्प्याटप्प्यानं चालायचं ठरवलं, दर शनिवारी तीन-चार मैल. परत यायला काठानं बस नाही, म्हणून नवरा गाडी घेऊन पुढच्या पुलाशी थांबायचा. एक शनिवार पावसाने खाल्ला. वाटच पाण्याखाली गेली होती.

ही वाट मुळात खेचरांची. त्यांनी दोर ओढायचा आणि मागून बोट यायची, पेनसिल्व्हेनियाचा दगडी कोळसा भरलेली. काठाला मैलांच्या खुणा आहेत, प्रत्येकीवर दोन आकडे. बाबांनी तिसऱ्या खुणेपाशी बेरीज केली. 44. पुढच्या खुणेवरही 44! मुख्य कालव्याची लांबी तेवढीच, दोन्ही टोकांची अंतरं लिहिलेली.

किंग्स्टनच्या लॉकपाशी, म्हणजे बोटी वर-खाली नेणाऱ्या दारांच्या हौदापाशी, बाबा तासभर हलले नाहीत. घडीव दगडांच्या सांध्यांवरून हात फिरवत म्हणाले, "बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, वरच्या अंगाचं पाणी सोडायचं. पाणी चढेल तशी बोट चढते. आपला कालवा शेताला पाणी देतो, हा बोटींना जिना देत होता."

हे सगळं 1830 ते 1834 मध्ये बहुतेक हातानं खणलं, मुख्यतः आयर्लंडहून आलेल्या मजुरांनी. 1832 मध्ये त्यांच्यात पटकी शिरली. तीच साथ, बंगालकडून निघून रशिया, युरोप करत अमेरिकेत पोचलेली. कित्येकांना काठावरच पुरलं.

शेवटच्या शनिवारी आम्ही गाडीनं बुल्स आयलंडला गेलो. तिथे त्या मजुरांच्या स्मरणार्थ दगड आहे. बाबांनी चपला काढल्या. बहात्तरच्या दुष्काळात, नोकरीच्या पहिल्याच वर्षी, ते हजेरीपट घेऊन कालव्याच्या खोदकामावर उभे होते. डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या बायका, दुपारी वाटलेली सुकडी हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्या दिवशी मात्र गाडीत बसेपर्यंत ते त्या हजेरीपटावरची नावं एकेक करून आठवत होते.