टँकरवरची पाटी कोणासाठी?

लोटे-परशुराम एमआयडीसीच्या जवळ, मुंबई-गोवा हायवेला लागून माझं रंगकामाचं दुकान आहे. टेम्पोवरची नावं, ट्रकच्या फाळक्यांवरची नक्षी, नंबर प्लेट आणि गेली बरीच वर्षं केमिकलच्या आणि गॅसच्या टँकरवरच्या धोक्याच्या पाट्या. नियमात या पाटीचं नाव मोठं आहे, पण गाडीवाले तिला सरळ ‘हॅझकेम’ म्हणतात. "पेंटर, हॅझकेम मारून द्या, उद्या पासिंग आहे." पाटी म्हटली की पासिंग, हेच डोक्यात बसलेलं आहे. आरटीओचे साहेब बघणार, म्हणून रंगवायची. मला हे मनापासून खटकतं.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १३४ व्या नियमात या पाटीची मापं दिलेली आहेत. पाटी तीन ठिकाणी हवी, दोन्ही बाजूंना आणि मागे. मालाचं नेमकं तांत्रिक नाव किमान ५० मिलिमीटर उंचीच्या अक्षरात. त्या मालाला ठरवून दिलेला संयुक्त राष्ट्रांचा चार आकडी क्रमांक किमान १०० मिलिमीटरच्या आकड्यांत. धोक्याचा प्रकार सांगणारं चौकोनी चिन्ह किमान २५० मिलिमीटरचं. आणि आपत्कालीन सेवेचं, तसंच माल पाठवणाऱ्याचं किंवा त्या मालाची जाण असलेल्या माणसाचं नाव आणि फोन नंबर.

यातल्या चिन्हातच सगळ्यात जास्त चोरी होते. हा चौकोन कोपऱ्यावर उभा असतो, पत्त्यातल्या चौकटसारखा. बाजू २५० मिलिमीटरची धरली तर वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत साधारण ३५४ मिलिमीटर जागा लागते. रेडियमवाले टोकापासून टोकापर्यंतच २५० मोजतात. म्हणजे बाजू भरते जेमतेम १७७ मिलिमीटरची आणि चिन्हाचं क्षेत्रफळ निम्मं होतं. लांबून बघणाऱ्याला पहिल्यांदा रंग आणि चित्र दिसतं, अक्षरं नंतर. लाल चौकटीत ज्वाळा म्हणजे पेटणारा वायू, पांढऱ्या चौकटीत कवटी म्हणजे विषारी वायू, हिरव्या चौकटीत सिलिंडर म्हणजे न पेटणारा आणि बिनविषारी वायू. ज्याला एक अक्षर वाचता येत नाही त्यालाही यावरून पळायचं की नाही ते कळतं. तेच चिन्ह अर्धं करून ठेवायचं?

आता आपल्या रस्त्याचा विचार करा. कशेडी, भोस्ते, परशुराम हे घाट, पुढे हातखंब्याची उतरण. टँकर उलटला तर तिथे पहिल्यांदा कोण पोचतं? फायर ब्रिगेडची गाडी यायला वेळ लागतो. त्याआधी वाडीतली पोरं धावतात, रिक्षावाला थांबतो, एसटीतली माणसं खाली उतरतात. कोकणात कुणी अडकलं तर बघत उभं राहण्याची पद्धत नाही, सगळे केबिनकडे धाव घेतात. ती पाटी या माणसांसाठी असते.

गॅसची सगळी माहिती असलेलं ट्रेम कार्ड ड्रायव्हरजवळ केबिनमध्ये असतं. पण केबिनच चेपली तर? सप्टेंबर २०२२ मध्ये लांज्याजवळ आंजणारीच्या पुलावरून गॅसचा टँकर काजळी नदीत कोसळला. ड्रायव्हर गेला, हायवे बंद पडला. अशा वेळी आत काय भरलंय हे सांगायला टाकीवर जे लिहिलंय तेवढंच उरतं. पाटी तीन ठिकाणी का हवी तेही इथे पटतं. घाटात टँकर बहुधा कुशीवर पडतो, एक बाजू जमिनीला लागते. दुसरी आभाळाकडे तोंड करते. मग रस्त्यावरच्या माणसाला वाचता येईल अशी एकच राहते, ती मागची.

आणि नेमकी तीच पावसाळ्यात चिखलाने लिंपलेली असते. आपली लाल माती मागच्या चाकांनी उडते आणि थेट तिच्यावर बसते. दोन पावसांत आकडे दिसेनासे होतात. त्यात किनाऱ्यावरची खारी हवा. साधं रेडियम चिकटवलं तर कडा सुटतात. म्हणून मी टाकी घासून, प्रायमर मारून, एनॅमलचे दोन हात देतो. वेळ लागतो, पण टिकतं. गाडी न्यायला आलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला सांगतो, काच पुसतोस तेव्हाच मागची पाटी पण पूस. बहुतेक ड्रायव्हर ऐकतात. ते उत्तरेकडचे असोत की आपले, टाकीच्या सगळ्यात जवळ तेच बसलेले असतात.

क्रमांकाबद्दल थोडं. एलपीजीचा १०७५, अमोनियाचा १००५, क्लोरीनचा १०१७. क्लोरीन आपल्याकडे बहुधा टनर म्हणतात त्या जाड नळकांड्यांतून ट्रकवर जातो, तरी क्रमांक तोच. चार आकडे ११२ वर पलीकडच्या माणसाला सांगितले की आपल्याला गॅसचं नाव उच्चारता आलं नाही तरी चालतं. एलपीजीच्या गळतीसाठी १९०६ हा वेगळा नंबरही आहे. आमच्या धंद्यातला जुना हिशोब आहे, इंचाला दहा फूट. म्हणजे चार इंची आकडा चाळीस फुटांवरून आरामात वाचता येतो. पण गॅस सुटलेला असताना चाळीस फूट म्हणजे फार जवळ. वाऱ्याच्या वरच्या अंगाला, चांगलं लांब उभं राहा, मोबाइलचा कॅमेरा झूम करा आणि आकडा वाचा. तेवढ्यासाठी पुढे जाऊ नका.

एलपीजी हवेपेक्षा जड. तो वर न जाता उताराने, गटारातून, पऱ्यातून खाली वाडीकडे सरकतो आणि कुणाची तरी चूल पेटती असते. केरळात कण्णूरजवळ चाला इथे २७ ऑगस्ट २०१२ च्या रात्री टँकर दुभाजकावर आदळला, गॅस पसरला आणि पेटला. वीस माणसं गेली. रस्ता तेव्हाचा राष्ट्रीय महामार्ग १७, पनवेलहून निघून आपल्या दारावरून जातो तोच.

पाटीवर ‘२वायई’ सारखा कोडही असतो, तो एलपीजीचा. तो फायरवाल्यांसाठी. २ म्हणजे पाण्याचा फवारा धुक्यासारखा बारीक मारा. वायवरून त्यांना कळतं की भडका होऊ शकतो, श्वासाची नळी लावा, गॅस आवरून धरा. शेवटचा ई म्हणजे आसपासची वस्ती हलवायचा विचार करा. बारीकसा ई. तो पुसला गेला तर केवढी गोष्ट गेली!

"भैया, नंबर छोटा कर दो, कंपनी का नाम बड़ा करना है," अशी मागणी येते. मी नाही म्हणतो. नाव टाकीवर दुसरीकडे हवं तेवढं मोठं काढून देतो, पाटीच्या मापाला हात लावत नाही. जागा असेल तर खाली मराठीत ‘ज्वलनशील वायू, दूर राहा’ असंही लिहितो, त्याचे पैसे घेत नाही.

राहिला फोन नंबर. एका गाडीवर जुना नंबर तसाच गिरवायला सांगितला होता. लावून पाहिला तर बंद. मालकाला फोन केला तर म्हणाले, "असू दे हो, कोण लावतंय." तेव्हापासून प्रत्येक नंबर रंगवण्याआधी मी स्वतः लावून बघतो, तोही रात्री जेवणं झाल्यावर. उचलणाऱ्याला एकच विचारतो, तुमचा टँकर इथे पडलाय असं समजा, आम्ही काय करायचं? नीट सांगणारा माणूस भेटला तर सकाळी ब्रश हातात घेतो. नाही तर गाडी उभी राहते. शेठ चिडतात, पासिंगची तारीख जाते. पण दुसरा नंबर येतोच, आणि तो लागतो.