गोदाघाटावरचा कोरा कागद

जलरंगात पांढरा म्हणजे कोरा सोडलेला कागद. एकदा झाकला की गेला. माझी सगळी भीती तिथेच. त्यात ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कॉटन कागद महाग, ब्रश टेकवण्याआधीच डोक्यात हिशेब सुरू! म्हणून रोजच्या सरावाला मी फसलेल्या चित्रांची पाठकोरी बाजू वापरते. बिघडलं तर बिघडलं.

नाशिकच्या गोदाघाटावर उन्हात वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, भराभर वाळतो, शंका काढत बसायला सवडच मिळत नाही. (उन्हाचे एवढेच उपकार.) मागे उभं राहून "ताई, कळस वाकडा झालाय" सांगणारे भेटतातच. पूर्वी मी वही मिटून चालू लागायचे. हल्ली म्हणते, "हो काका, वाकडाच आहे," आणि नारोशंकराच्या देवळाची सावली ओली आहे तोवर पाण्यात ओढून घेते.