इन्सुलेशन पंक्चर

माझी सगळी नोकरी वीजपुरवठ्यात, फॉल्टच्या गाडीवर गेली. पावसाळ्यात रात्री-अपरात्री फुटपाथ खणायचा, मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावायचा, केबलचं इन्सुलेशन कुठं फुटलंय ते हुडकायचं. थोडक्यात, इन्सुलेशन फुटू नये म्हणून बत्तीस वर्षं पगार घेतला. त्यामुळे भाच्याने मोबाइल पुढे करून, "मामा, तोंडाच्या कॅन्सरला विजेचे झटके देऊन केमो करतात, वाचा," म्हटलं तेव्हा वाटलं, सोडला कुणीतरी फॉरवर्ड.

भाऊजींचा गालाच्या आतला कॅन्सर. गुटख्याला आपण कधी हात लावला नाही, असं ते छाती ठोकून सांगायचे. तंबाखू-चुन्याची डबी त्यांच्या हिशेबात धरायची नाही. २०१२ला राज्यात गुटखाबंदी आली तेव्हा तर "बघ, मी आधीपासूनच शहाणा," म्हणाले होते. गेल्या वर्षी परळला ऑपरेशन झालं, मग लाईट, म्हणजे रेडिएशन, आणि लाईटबरोबर सिस्प्लाटिन हे केमोचं औषध. किडनीला जपायचं म्हणून सलाईनवर सलाईन. उलट्यांचं मी लिहीत नाही, ताईने ते सगळं काढलंय.

ताईने भाच्याचं बोलणं आतून ऐकलं. "शॉक? वेड्यांना देतात तसला?"

"नाही गं ताई. गाठीत सुया टोचून तेवढ्यापुरताच."

"तुला रे काय माहीत?"

खरंच होतं. म्हणून वाचायला बसलो, आणि दुसऱ्याच पानावर मला माझा धंदा दिसला.

पेशीभोवती तेलकट पापुद्रा असतो, काही नॅनोमीटर जाडीचा. बाहेर खारं पाणी, आत खारं पाणी, मध्ये हा पापुद्रा. म्हणजे इन्सुलेशनच की! ब्लिओमायसिन नावाचं औषध त्यातून जवळजवळ शिरतच नाही. आत पोचलं तर पेशीच्या डीएनएचे तुकडे करतं, पण दारातच अडकतं. भरमसाट द्यावं तर फुप्फुसं खराब करतं. मग गाठीच्या दोन बाजूंना सुया लावून मधल्या एका सेंटिमीटरला साधारण १००० व्होल्ट या हिशेबाने पल्स, म्हणजे विजेचे निमिषभराचे झटके, सोडतात. पापुद्र्याला बारीक भोकं पडतात, औषध आत घुसतं, थोड्या वेळात भोकं आपोआप बुजतात आणि औषध आत कोंडलं जातं. सिस्प्लाटिनही असं आत ढकलता येतं, पण जास्त फरक ब्लिओमायसिनलाच पडतो.

बुजणारं इन्सुलेशन! आमच्या केबलला ही अक्कल असती तर मी रात्री घरी झोपलो असतो. व्होल्टेज फार झालं तर मात्र पेशीचंही बुजत नाही, ती तशीच मरते.

१००० व्होल्ट म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला होता, म्हणून कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडला. पल्स आठ, प्रत्येक १०० मायक्रोसेकंदांची. आठही मिळून एक मिलिसेकंद भरत नाही. आपल्या घरच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. करंट १० अँपिअर धरला तर सगळी ऊर्जा ८ ज्यूल. ९ वॉटचा एलईडी बल्ब तेवढ्यात एक सेकंदसुद्धा पेटायचा नाही. तरी स्नायू दचकतो, म्हणून भूल देतात. पूर्वी पल्स सेकंदाला एक अशा सोडायचे, म्हणजे आठ दचके. आता सेकंदाला ५००० च्या वेगाने सोडता येतात, दचका एकच.

हे काही कालचं नाही. १९९१मध्ये फ्रान्समध्ये मीर नावाच्या संशोधकाच्या गटाने पहिल्यांदा हे माणसांवर केलं, आणि ते रुग्ण डोकं-मानेच्या कॅन्सरचेच होते. २००६च्या युरोपातल्या अभ्यासात त्वचेवरच्या शंभरातल्या ८५ गाठींनी दाद दिली. हे वाचून मी उठून चहा टाकला. मग तोंड-घशाच्या आतल्या, परत उलटलेल्या कॅन्सरचा अभ्यास सापडला: ४३ रुग्ण, निम्म्याहून थोड्या जास्त जणांच्या गाठी आकसल्या, पूर्ण गेल्या त्या पाचांतल्या एकाच्या. चहा गार झाला.

फॉलोअपला डॉक्टरांना विचारलंच. त्यांनी केसपेपरच्या मागे पेनने गोल काढला, दोन बाजूंना दोन रेघा मारल्या. "सुया गाठीच्या पलीकडेपर्यंत पोचायला हव्यात. हाडाजवळ ते अवघड. ऑपरेशन होण्यासारखं असेल तर ऑपरेशनच पहिलं. आणि यांच्या तोंडात आज गाठच नाही, मी टोचू कुठे?"

भाऊजी हसले. म्हणजे डाव्या बाजूने हसले, उजवी बाजू लाईटने आवळली आहे. तोंड उघडायचा व्यायाम म्हणून आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या असतात. सुरुवातीला सात जायच्या. काल रात्री मी बॅटरी धरली, ताईने काड्या मोजल्या. अकरा गेल्या, बारावी अर्ध्यावर अडली. भाऊजींनी ती काढू दिली नाही, तशीच धरून ठेवली, बातम्या संपेपर्यंत.